सर्व्हिस रेकॉर्डमध्ये राहून गेलेली पदकं: खान्देशातल्या माजी सैनिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले माजी सैनिक, त्यांच्या पत्नी, मुलं आणि आता नातवंडंही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी सैन्यात क्लार्क ट्रेडला होतो. त्यामुळे तुमचा अर्ज टेबलाच्या पलीकडून कसा वाचला जातो, हे मला माहीत आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बरेच अर्ज तिथेच अडतात. ‘मला पदक द्या’ असा अर्ज करू नका. आधी नोंद, मग पदक, अशी ही वाट आहे. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी अमुक युनिटबरोबर अमुक भागात होतो, ही नोंद तपासा आणि तिच्यावरून माझा हक्क ठरवा,’ असं मागा. पहिल्या अर्जाला सहानुभूतीचं पत्र येतं, दुसऱ्याला तपासणी करावीच लागते.

पदक राहिलं आहे हे ओळखायचं कसं?

डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरी संपताना हातात दिलेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, काढा. बहुतेक घरांत ते ट्रंकेच्या तळाशी, जुन्या पासबुकांच्या खाली असतं. त्यात मिळालेल्या पदकांचा रकाना असतो. तिथे दोन-तीन संक्षिप्त नावं असतील, नाहीतर इंग्रजीत ‘निल’ लिहून खाली सही-शिक्का असेल. मग एका कोऱ्या कागदावर नोकरी सालवार मांडा: कोणतं युनिट, कुठे, कधीपासून कधीपर्यंत. दोन्ही कागद शेजारी ठेवले की काय राहिलं ते दिसतं.

पारोळा तालुक्यातल्या एका आबांचं डिस्चार्ज बुक मी असंच पाहिलं. तोफखान्यात गनर, १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम सीमेवर. पानं कडेने भुरभुरलेली, शाई तपकिरी पडलेली, आणि पदकांच्या रकान्यात एकच नाव: सैन्य सेवा पदक. ना पश्चिमी स्टार, ना संग्राम पदक. १५ ऑगस्ट १९७२ ला ते नोकरीत होते, म्हणजे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदकही राहिलेलं. आबा एवढंच म्हणाले, “माले भेटनंच नही.” तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी हा रकाना वाचूनच दाखवला नव्हता.

म्हाताऱ्या माणसाला सेक्टरचं नाव विचारलं तर आठवत नाही. रेल्वेतून कुठे उतरलात, पुढे ट्रकने किती तास गेलात, वाळू होती की ऊस, तिथले लोक कोणती बोली बोलत, जवळ नदी कोणती, असं विचारा. त्यातून जागा सापडते. सोबतच्या कमांडरचं आणि लंगरातल्या माणसाचं नाव बहुधा पक्कं आठवतं. तेही लिहून घ्या.

कोणती पदकं जास्त करून राहून जातात?

१९६५ च्या पिढीत समर सेवा स्टार आणि रक्षा पदक. समर सेवा स्टार लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांसाठी आहे. रक्षा पदकासाठी ५ ऑगस्ट १९६५ या दिवशी नोकरीत असणं आणि १८० दिवसांची सेवा झालेली असणं पुरतं. आघाडीवर गेलो नव्हतो म्हणून आपला हक्क नाही, असं मानून कित्येकांनी रक्षा पदक मागितलंच नाही.

१९७१ च्या पिढीत तीन नावं: पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक. दोन्ही स्टार प्रत्यक्ष युद्धक्षेत्राशी बांधलेले आहेत. संग्राम पदकाची व्याप्ती मोठी आहे. ठरवून दिलेल्या सीमावर्ती राज्यांतली तैनाती आणि ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ हा काळ त्यात धरला जातो. म्हणजे ढाक्यात शरणागती झाल्यावर सीमेवर पोहोचलेल्या जवानानेही आपली तारीख तपासून पाहावी.

त्यानंतरच्या पिढीत उच्च तुंगता पदक, म्हणजे ज्याला सगळे हाय अल्टिट्यूड म्हणतात ते. नऊ हजार फुटांच्या वर एकूण १८० दिवस लागतात, आणि ते सलगच हवेत असं नाही. दोन वेगवेगळ्या पोस्टिंगमधले दिवस जोडलेच न गेल्यामुळे हे पदक राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. १९८४ नंतर सियाचिनला गेलेल्यांसाठी सियाचिन ग्लेशियर पदक आहे. १९९९ मध्ये कारगिल-द्रासच्या लढाईच्या पट्ट्यात असलेल्यांसाठी ऑप विजय स्टार, आणि त्या काळातल्या इतर तैनातीसाठी ऑप विजय मेडल. २००१-०२ ची सीमेवरची जमवाजमव आठवत असेल, तर ऑप पराक्रम मेडलही रेकॉर्डमध्ये आहे का ते बघा.

बिनलढाईची पदकं तर सर्रास राहतात. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेची पदकं वेगवेगळी आहेत. सतरा वर्षं करून घरी आलेल्या माणसाच्या रकान्यात नऊ वर्षांचं पदक नसेल, तर ती सरळ सरळ नोंदीची चूक आहे. १५ ऑगस्ट १९७२ आणि १५ ऑगस्ट १९९७ या दोन दिवशी नोकरीत असलेल्यांसाठी पंचविसाव्या आणि पन्नासाव्या वर्षाची पदकं आहेत. त्यांना फक्त त्या दिवशी नोकरीत असल्याचा पुरावा लागतो, म्हणून ती सगळ्यात लवकर सुटतात. अर्जात ती घालाच.

सैन्य सेवा पदक आणि सामान्य सेवा पदक यांना क्लॅस्प असतात, फितीवरची धातूची पट्टी. जम्मू-काश्मीर, हिमालय, बंगाल-आसाम, अंदमान-निकोबार, नागालँड, मिझो हिल्स अशी नावं त्यावर असतात. पदक नोंदलेलं आणि दुसरा क्लॅस्प राहिलेला, हेही वारंवार दिसतं.

एवढी पदकं राहतात तरी कशी?

सगळ्यात मोठं कारण काळाचं. लढाई आधी होते आणि पदक नंतर जाहीर होतं. पूर्वी आणि पश्चिमी स्टार १९७३ मध्ये स्थापन झाले. तोपर्यंत अनेक जवान कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष फौजेतली नोकरी) संपवून रिझर्व्हला, म्हणजे राखीव यादीत, गेले होते, काही कायमचे घरी येऊन कपाशी वेचायला लागले होते. युनिटने याद्या केल्या त्या हजर असलेल्यांच्या. गावी असलेल्याचं नाव कोण घालणार?

दुसरं कारण अटॅचमेंट. नोंद मूळ युनिटमध्ये आणि माणूस दुसरीकडे. ड्रायव्हर, सिग्नलवाले, नर्सिंग असिस्टंट, कुक, न्हावी यांचं नुकसान इथे होतं. ज्या बटालियनबरोबर ते पुढे गेले तिने त्यांना आपल्या यादीत धरलं नाही, आणि मूळ युनिट मागे राहिल्यामुळे त्याच्या यादीत त्यांचा भागच बदलला. राष्ट्रीय रायफल्समध्ये काढलेल्या वर्षांचंही असंच होतं. परत आल्यावर पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेतली घटना अधिकृतपणे नोंदवणारा लेखी आदेश) निघाली नाही, तर ती वर्षं कागदावर पोकळ राहतात.

तिसरं कारण जखम किंवा आजार. माणूस हॉस्पिटलमध्ये गेला, तिथून डेपोत, तिथून दुसऱ्या युनिटमध्ये. मधल्या काळात त्याच्या नावाचं काहीच चाललं नाही.

आणि चौथं कारण नावाचं. त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे.

आधी अर्ज करायचा की माहिती अधिकार वापरायचा?

तुमचं प्रकरण कोणतं आहे, त्यावर ते ठरतं. पदक रेकॉर्डमध्ये नोंदलेलं आहे पण हातात आलंच नाही, असं असेल तर साधा अर्ज पुरतो. पदक हातात आहे पण नोंद नाही, असं असेल तर पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर आणि नाव यांचा जवळून काढलेला फोटो अर्जाला जोडा. मूळ सरकारी पदकाच्या कडेवर हे कोरलेलं असतं आणि तो चांगला पुरावा आहे. तिसऱ्या प्रकारात पदकही नाही आणि नोंदही नाही. तिथे आधी माहिती अधिकारात आपले कागद मागवा, ते वाचा आणि मगच अर्ज लिहा. आंधळा अर्ज केला की ‘रेकॉर्डनुसार आपण पात्र नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर तीच ओळ तुमच्यासमोर ठेवली जाते.

माझं रेकॉर्ड ऑफिस कोणतं? तिथे जावं लागेल का?

भरती कुठे झाली हे महत्त्वाचं नाही, रेजिमेंट किंवा कोअर कोणती ते बघा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमई (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी कोअर) आणि ऑर्डनन्स कोअरचं सिकंदराबादला, आर्मी मेडिकल कोअरचं लखनौला, आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला. नौदलातल्या खलाशांचं ऑफिस मुंबईत मानखुर्दला आणि वायुदलाच्या एअरमनचं दिल्लीत सुब्रतो पार्कला आहे. अधिकाऱ्यांची कागदपत्रं दिल्लीत, आपापल्या मुख्यालयात असतात.

जाऊ नका, निदान पहिल्यांदा तरी नाही. नाशिक रोड आपल्याला भुसावळ-चाळीसगावच्या गाडीने जवळ वाटतं, म्हणून लोक म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघतात. तिथे गेटवर पास, आत वाट पाहणं, आणि शेवटी ‘अर्ज लिहून द्या’ एवढंच हाती येतं. तो अर्ज स्पीड पोस्टाने गावातूनच जातो. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, त्यांच्या पत्रासोबत पाठवला तर आणखी बरं. तिकडे आवक नोंद होते आणि इकडे तुमच्याकडे जावक क्रमांक राहतो.

अर्जात काय लिहायचं?

एकच पान. हिंदी किंवा इंग्रजीत लिहा, कारण बेळगाव, नाशिक आणि खडकी सोडलं तर मराठी वाचणारा क्लार्क भेटेलच असं नाही. सुरुवातीला नंबर, रँक, नाव, ट्रेड, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, शेवटचं युनिट आणि पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांक. नायब सुभेदार होऊन निवृत्त झाला असाल तर जेसी नंबर (बढतीनंतर मिळालेला नवा नंबर) आणि त्याआधीचा जवानाचा नंबर, दोन्ही द्या. लढाई जुन्या नंबरवर झालेली असते आणि लोक फक्त नवा नंबर लिहितात. नंबरच्या शेवटचं इंग्रजी अक्षर गाळू नका.

त्याखाली मजकूर साधारण असा (त्यातली शीट रोल म्हणजे जवानाच्या पूर्ण सेवेची रेकॉर्डमधली नोंद):

‘मी दिनांक अमुक ते अमुक या काळात अमुक रेजिमेंटमध्ये, अमुक युनिटला अटॅच असताना, अमुक भागात कार्यरत होतो. माझ्या डिस्चार्ज बुकमध्ये अमुक पदकाची नोंद नाही. माझा शीट रोल व पार्ट टू ऑर्डर तपासून माझी पात्रता निश्चित करावी, आवश्यक ती पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करावी आणि नोंदीची प्रत मला द्यावी. पात्र नसल्यास कोणत्या अटीमुळे, ते कारणासह कळवावे.’

शेवटचं वाक्य वगळू नका. कारण लेखी आलं की पुढे दाद मागता येते. दोन-तीन पदकं राहिली असतील तर सगळी एकाच अर्जात, पण प्रत्येकाचा काळ आणि जागा वेगळ्या परिच्छेदात. सोबत डिस्चार्ज बुकच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, माजी सैनिक ओळखपत्र, आधार आणि पीपीओ. मूळ कागद कोणालाही पाठवू नका, कोणी कितीही मोठ्या हुद्द्याचा असो.

लढाईच्या आठवणी, आपली गरिबी, मुलाची नोकरी हे अर्जात नको. ते सगळं खरं असतं आणि लिहावंसं वाटतं, हे मी समजू शकतो. पण समोरच्या क्लार्कला तारीख आणि युनिट हवं असतं, आणि ते चौथ्या पानावर असेल तर त्याच्या नजरेतून सुटतं.

माहिती अधिकारात काय मागायचं?

रेकॉर्ड ऑफिसच्या केंद्रीय जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डरने भरता येतं. केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइनही करता येतो. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर शुल्क नाही. आपल्या शीट रोलची प्रत, ठरावीक काळातल्या सगळ्या पार्ट टू ऑर्डरच्या नोंदी, टीओएस-एसओएसच्या म्हणजे युनिटमध्ये आल्या-गेल्याच्या तारखा, आणि पदकांच्या नोंदीचं पान, एवढं मागा. ‘मला पदक का दिलं नाही’ असं विचारू नका. या कायद्याने कागद मिळतो, खुलासा मिळत नाही.

उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. सैन्य गुप्त असतं म्हणून असे कागद मिळत नाहीत, हा पारावरचा समज आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ खाली काही गुप्तचर आणि सुरक्षा संघटनांना वगळलंय, पण भूदल, नौदल आणि वायुदल त्या यादीत नाहीत. आपले स्वतःचे सेवेचे कागद मागणं हा तुमचा हक्क आहे.

‘कागदपत्रं मुदत संपल्याने नष्ट केली’ असं उत्तर आलं. आता?

हे उत्तर बहुधा पेन्शन नसलेल्या जवानांना येतं. सात-दहा वर्षं करून ग्रॅच्युइटीवर घरी आलेल्यांचे सेवेचे कागद डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. लाँग रोल नावाचं रजिस्टर असतं. त्यात प्रत्येक जवानाची थोडक्यात नोंद टिकवलेली असते. म्हणून दुसरा अर्ज करा आणि त्यात नेमकी लाँग रोलच्या उताऱ्याची प्रत मागा. कागद नष्ट केले असतील तर कोणत्या तारखेच्या आदेशाने केले, तेही विचारा.

मग तुमच्या घरातलं डिस्चार्ज बुक हाच मुख्य दस्तऐवज होतो, म्हणून ते जपा. त्याच्या जोडीला त्या काळातली मनीऑर्डरची पावती, फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेलं आंतरदेशीय पत्र, हॉस्पिटलची चिठ्ठी, युनिटचा ग्रुप फोटो, जे असेल ते काढा. फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावर क्रमांक आणि तारीख असते, आणि त्यावरून युनिट त्या काळात कुठे होतं याचा माग लागू शकतो. शहाद्याकडच्या एका घरात सासूबाईंनी नवऱ्याची सगळी पत्रं साडीच्या घडीत ठेवली होती. रेकॉर्डमध्ये ज्या तीन महिन्यांचा पत्ता नव्हता, ते तीन महिने त्या पत्रांवरच्या शिक्क्यांत होते.

सोबत्यांची प्रतिज्ञापत्रंही जोडा. नुसत्या त्यांच्यावर काम होत नाही, पण कागदाला आधार मिळतो. सोबती हयात असेपर्यंतच ती मिळतात, म्हणून यात दिरंगाई नको.

नावात फरक आहे. त्याने खरंच अडतं?

खूप अडतं. आपल्याकडे भरतीच्या वेळी नाव सांगितलं गेलं अहिराणी उच्चारात, लिहिलं पंजाबी किंवा मद्रासी क्लार्कने, आणि तेही इंग्रजीत. भिकाचं भिखा झालं, सुकदेवचं सुखदेव. कुठे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलं, कुठे ‘पाटील’ पूर्ण गळालं. पुढे त्याच कोअरमध्ये त्याच नावाचा दुसरा निघतो आणि नोंद त्याच्या खात्यावर जाते.

आधार आणि शाळेचा दाखला दाखवून रेकॉर्डमधलं नाव बदलायच्या मागे आधी लागू नका, ते लांबतं. पदकाच्या अर्जात नाव रेकॉर्डमध्ये आहे तसंच लिहा, चुकीचं असलं तरी. सोबत ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं प्रतिज्ञापत्र जोडा. ओळख नंबरने पटते. नावाची दुरुस्ती, पत्नीच्या नावाची आणि जन्मतारखेची दुरुस्ती वेगळ्या अर्जाने करा. ती कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तर करायलाच हवी, आणि माणूस हयात असतानाच करायला हवी.

वडील आधी रेजिमेंटमध्ये, मग डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) होते. कुठे लिहू?

वरणगाव आणि भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांमुळे आपल्या भागातल्या अनेकांची डीएससीशी ओळख आहे आणि बरेच जण तिथे दुसरी नोकरी करून आलेत. डीएससीचं रेकॉर्ड ऑफिस केरळात कण्णूरला आहे. पहिल्या नोकरीतली लढाई मात्र पहिल्या रेजिमेंटच्या कागदात असते. म्हणून पदकाचा दावा आधी मूळ रेजिमेंटच्या रेकॉर्डकडे करा. तिथली नोंद झाली की तिची प्रत कण्णूरला पाठवून तिकडचं रेकॉर्ड जुळवून घ्या. दोन्हीकडे एकदम अर्ज केला तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

वडील वारले आहेत. आम्हाला अर्ज करता येतो?

येतो. आई हयात असेल तर अर्ज तिच्या नावाने करा, कारण रेकॉर्डमध्ये नेक्स्ट ऑफ किन (सगळ्यात जवळचं नातेवाईक) म्हणून तिचं नाव असतं. मृत्यूचा दाखला, कुटुंब निवृत्तिवेतनाचा पीपीओ आणि तिचं ओळखपत्र जोडा. आई नसेल तर मुलगा किंवा मुलगी वारस म्हणून करू शकते. भावंडांत पदक कोणाकडे राहणार यावरून वाद नको असेल, तर अर्जाबरोबरच सगळ्यांचं संमतीपत्र द्या. वडिलांची पदकं वारसाने समारंभात छातीच्या उजव्या बाजूला लावायची, असा प्रघात आहे. डावी बाजू ज्याने ती कमावली त्याची.

लढाईत जखमी झालो होतो. त्याचं वेगळं पदक असतं का?

शत्रूच्या कारवाईत जखम झाली असेल तर वूंड मेडल आहे. इथे ‘बॅटल कॅज्युअल्टी’ या पार्ट टू ऑर्डरवर सगळं ठरतं. हॉस्पिटलचे कागद, मेडिकल बोर्डाचा अहवाल आणि मेडिकल कॅटेगरी (प्रकृतीचा दर्जा) कमी झाल्याची नोंद मागवा. हे प्रकरण काळजीपूर्वक हाताळा, कारण इथे पदकापेक्षा मोठी गोष्ट अडकलेली असते. जखम लढाईतली म्हणून नोंदली गेली की साधी ‘इंज्युरी’ म्हणून, यावर अपंगत्वाच्या किंवा वॉर इंज्युरी पेन्शनचा प्रकार ठरतो. असा माणूस घरात असेल तर आधी पेन्शनचं प्रकरण जाणकाराला दाखवा.

साहेबांनी माझं नाव शौर्य पदकासाठी पाठवलं होतं. तेही मिळेल?

याचं उत्तर कडू आहे, पण खोटी आशा दाखवणं बरं नव्हे. शिफारस झाली आणि वर मंजूर झाली नाही, तर तो रेकॉर्डमधला दोष ठरत नाही. रेकॉर्ड ऑफिस मंजूर झालेलं पदक नोंदवू शकतं, शौर्य पदक देऊ शकत नाही. मंजूर झालेली शौर्य पदकं भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात, आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. तिथे नाव असेल आणि डिस्चार्ज बुकात नसेल, तर राजपत्राची प्रत लावून लगेच अर्ज करा, दुरुस्ती व्हायलाच हवी.

या पदकांचे पैसे मिळतात का?

सेवा पदकांचे आणि युद्धातल्या स्टारचे मिळत नाहीत. संग्राम पदक नोंदवलं म्हणून पेन्शन एक रुपयाने वाढत नाही. शौर्य पदकांना मासिक भत्ता आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून शौर्यासाठीच्या सेना पदकाला दरमहा २,००० रुपये, वीर चक्राला ७,००० आणि परमवीर चक्राला २०,००० असे दर झाले. तो पत्नीलाही पुढे चालू राहतो. सेना पदक शौर्यासाठीचं आहे की विशिष्ट सेवेचं, हे राजपत्रात पाहा, भत्ता पहिल्यालाच आहे. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतली माजी सैनिकांची माफी पदकावर अवलंबून नाही. त्यासाठी थांबू नका.

मग एवढ्या वयात हा खटाटोप कशाला?

हे मुलं विचारतात, आबा क्वचितच विचारतात. १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणात गावातले दोन माजी सैनिक उभे असतात. एकाच्या छातीवर पाच पदकं, दुसऱ्याच्या एक. दोघं एकाच आघाडीवर होते, आणि गावाला वाटतं दुसऱ्याने काही केलंच नाही. हा अन्याय कागदामुळे झालाय आणि कागदानेच दूर होतो. धरणगावला भिल्ल कोअर उभी राहिली त्या १८२५ सालापासून या मातीतली माणसं फौजेत जात आहेत, पण त्यांच्या नोकरीची हकीगत लिहून ठेवणारे आपल्याकडे फार थोडे निघाले. बहुतेक जवानांच्या बाबतीत त्यांची शीट रोल हाच एकमेव लिखित इतिहास आहे. तो अर्धवट राहू नये असं मला मनापासून वाटतं.

पदक हरवलं तर? बाजारातून घेतलेलं लावलं तर चालतं?

हरवलं असेल तर पोलिसांकडची नोंद आणि प्रतिज्ञापत्र लावून, शुल्क भरून बदली पदक मागता येतं. पदकांचा सरकारी पुरवठा वर्षानुवर्षं रेंगाळतो. म्हणून सेवेतले जवानही दुकानातून पदकं घेऊन लावतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तुमची नोंद झालेली असेल तर तसं लावण्यात काही गैर नाही. नोंद नसलेलं पदक मात्र लावू नका, हक्क आहे याची स्वतःला कितीही खात्री असली तरी.

बीएसएफ किंवा सीआरपीएफमध्ये होतो. हेच नियम?

नाहीत. ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, त्यांची रेकॉर्ड ऑफिसं वेगळी आणि सशस्त्र सेना न्यायाधिकरणही त्यांच्यासाठी नाही. १९७१ मध्ये सीमेवर असलेल्या निमलष्करी जवानांना मात्र संग्राम पदकाचा हक्क आहे. अर्ज आपल्या दलाच्या मुख्यालयाकडे करा.

अर्ज करून सहा महिने झाले, उत्तर नाही. पुढे काय?

दोन महिन्यांनी पहिलं स्मरणपत्र, जुन्या अर्जाची प्रत आणि स्पीड पोस्टाची पावती जोडून. मग केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर तक्रार, किंवा दिल्लीच्या माजी सैनिक संचालनालयाकडे पत्र. लेखी नकार आला किंवा सहा महिने काहीच उत्तर आलं नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येतं. आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत जायचं असतं. उत्तरच आलं नाही, तर ते पहिले सहा महिने संपल्यावर पुढचे सहा महिने मिळतात. उशीर झाला असेल तर तो माफ करण्याची विनंती करता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. तिथपर्यंत जायची वेळ सहसा येऊ नये. कागद नीट असले तर रेकॉर्ड ऑफिसच्या पातळीवरच काम होतं.

एक जण पाच हजारांत काम करून देतो म्हणतो. देऊ का?

देऊ नका. रेकॉर्ड ऑफिस नोंद दुरुस्तीचे पैसे घेत नाही. डिस्चार्ज बुक तर त्याच्या हातातही देऊ नका.

दुरुस्ती झाल्याचं पत्र आलं. आता काय करायचं?

पत्रातला पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख वाचा. नुसतं ‘कारवाई सुरू आहे’ असं लिहिलं असेल तर काम झालेलं नाही, क्रमांक मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. क्रमांक मिळाला की डिस्चार्ज बुकमध्ये नोंद कशी करून घ्यायची, ते त्याच ऑफिसला लेखी विचारा. स्वतःच्या हाताने त्या रकान्यात एक अक्षरही लिहू नका, नाहीतर सगळं पुस्तक संशयित ठरतं. पत्राच्या तीन प्रती काढा. एक डिस्चार्ज बुकात, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फाईलला, एक मुलीकडे किंवा सुनेकडे. पदक पोस्टाने आलं तर पाकीट फोडल्याबरोबर कडेवरचा नंबर आणि नाव तपासा. चूक असेल तर त्याच आठवड्यात फोटोसह कळवा, आणि सांगितल्याशिवाय पदक परत पाठवू नका.